रेषेला लागलेला हात

इस्माईलभाईंचा टेंपो रसायनीला आमच्या कारखान्यात माल घेऊन नेहमी येतो. आले की ते गेटवरूनच माझी चौकशी करतात आणि पुढे जातात. त्या दिवशी मात्र त्यांनी टेंपो रस्त्यावरच उभा केला होता आणि स्वतः खाली उतरून उभे होते. मला पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "दिनू, बाळाराम गेला," ते म्हणाले. "चल, तुला न्यायलाच आलोय." चौक गाव ओलांडून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो. मग समोर बघतच ते म्हणाले, "याच टेंपोत घालून अख्खा गाव नेला होता त्याची मॅच बघायला..." दहिवलीत कुणालाही विचारा, बाळारामदादाचं नाव निघालं की तो आधी त्या मॅचबद्दल बोलेल. मलाही त्याच मॅचबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्यात खरं काय झालं ते सांगायचं मी दादाला कबूल केलं होतं.

दादा माझा मामेभाऊ. माझे वडील भिवपुरीच्या वीजघरात मजूर होते. आमच्या घरात तोवर कुणी शाळेची शेवटची इयत्ता पाहिलेली नव्हती. सुट्टी लागली की आई मला माहेरी, दहिवलीला धाडायची. भात कापून खाचरं मोकळी झाली की तिथे हुतूतू सुरू व्हायचा. कबड्डी हे नाव आमच्याकडे नंतर आलं. मुलांना शिकवायचे ते नामातात्या. तात्या स्वतः एके काळचे नावाजलेले खेळाडू, पण त्यांची शिकवण्याची रीत निराळीच होती. चुन्याची एक रेघ ओढायची, तिच्यापासून थोड्या अंतरावर पोराला पालथं पाडायचं, त्याच्या पायांवर आणि कमरेवर दोघंतिघं बसवायचे आणि म्हणायचं, आता जा. ढेकळांनी छाती सोलून निघायची. चढाई करणाऱ्याला समोरच्यांनी धरला आणि तरीही त्याचा हात मधल्या रेघेला लागला, तर तो वाचतो आणि धरणारे सगळे बाद होतात, हा त्या खेळाचा नियम. तात्यांना साऱ्या खेळात तेवढा एकच नियम महत्त्वाचा वाटत असे. "सगलं अंग अडकलं तरी एक हात मोकला ठेवायचा," ते सांगायचे. "तो हात तुमचा नाय. तो गावाचा हाय." दादाएवढा लांब हात दहिवलीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. पाठीवर चौघं बसले तरी तो सरपटत जायचा आणि रेघेवर बोटं टेकवून हसायचा. तात्या मग खिशातून एक लिमलेटची गोळी काढून, स्वतःच तोंडात टाकत म्हणायचे, "माजू नको, अजून लय शिकायचं हाय तुला."

या खेळाच्या जोरावर दादाला मुंबईत एका सरकारी खात्यात नोकरी लागली. तिथल्या साहेबांना रग्बीची हौस होती. खात्याचा संघ उभा करायचा म्हणून त्यांनी कुस्ती आणि कबड्डी खेळणारे सगळे शिपाई एका सकाळी मैदानावर उभे केले आणि हातात तो अंड्यासारखा लांबट चेंडू दिला. दादा पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो खेळ त्याने ओट्यावर बसून आम्हाला समजावून सांगितला. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याच्या हद्दीची शेवटची रेघ गाठायची आणि तिथे चेंडू जमिनीला टेकवायचा. गड्याला द्यायचा तर चेंडू मागेच द्यायचा, पुढे फेकायचा नाही. पळणाऱ्याला समोरच्यांनी धरून पाडायचं. "म्हंजे हुतूतूच की," तात्या म्हणाले. "दम धरायचा नाय, एवढाच फरक." दादा म्हणाला, "तसंच हाय बघा तात्या. आनि आमी जो खेलतो त्यात मानसं पण सातच." तात्यांची खात्री पटली. त्या दिवसापासून दहिवलीत रग्बी हा हुतूतूचाच एक साहेबी प्रकार ठरला.

मी कॉलेजला मुंबईत गेलो तो दादाच्या आधारावर. खात्याने दिलेल्या एका खोलीत त्याच्याबरोबर आणखी तिघं शिपाई राहत होते. त्यात मी पाचवा. माझी अडचण होते असं मला तिथे कुणी कधी जाणवू दिलं नाही, कारण दादाने आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "आवाज करू नका रं, आमचा दिनू बीएस्सी करतोय." पहाटे सरावाला जाण्याआधी तो मला उठवायचा, माझा चहा बशीने झाकून ठेवायचा आणि दार हळूच ओढून घ्यायचा. परतायचा तेव्हा गुडघे, कोपरं फुटलेली असायची. मी रसायनशास्त्राची सूत्रं पाठ करत बसलेला, आणि तो माझ्याच कापसाने जखमा पुसत विचारायचा, "यातलं काय लावलं तर झोंबणार नाय, ते लिवलंय का तुझ्या पुस्तकात?" माझा निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका त्याने खोलीतल्या प्रत्येकाला दाखवली, मग खालच्या इस्त्रीवाल्याला दाखवली. आज माझ्या पोरांना शाळेचं कौतुक नाही, ते असू नयेच. पण ती खोली नसती तर मीही वीजघराच्या दारात उभा असतो, हे मी विसरलेलो नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या थंडीत दादाची देशाच्या संघात निवड झाली. आशियातल्या देशांचे संघ मुंबईत यायचे होते. सात-सात जणांची स्पर्धा, सात-सात मिनिटांचे दोन डाव, की खेळ खलास. दहिवलीचा माणूस देशाकडून खेळणार आणि तोही मुंबईत, म्हटल्यावर गाव घरी कसला बसतो. इस्माईलभाईंनी टेंपोत पेंढा अंथरला. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, ताशावाले चढले आणि गुलालाची पिशवी आधीच भरून घेतली. आधीचे सामने आपल्या संघाने जिंकले होते. त्या दिवशीचा सामना जिंकला की अंतिम फेरी. मी मैदानाच्या फाटकाशी त्यांची वाट बघत होतो. समोर कोण हाय, असं तात्यांनी विचारलं आणि मी श्रीलंकेचा संघ आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "लंका? मग काय बघायचं हाय? आमच्या पोराच्या नावातच राम हाय." मागून इस्माईलभाई म्हणाले, "तात्या, तुमी शेपूट तेवढी घरी विसरलात." सगळा टेंपो हसला. खुर्च्यांवर बसलेली शहरी मंडळी मान वळवून आमच्याकडे बघायला लागली.

खेळ डोळ्यांना सापडेपर्यंत पहिला डाव संपला. दुसऱ्या डावात आपण मागे पडलो. फरक थोडाच होता, एकदा चेंडू रेघेपलीकडे टेकला असता तरी आपण पुढे गेलो असतो. वेळ संपत आली होती. तेवढ्यात आपल्या कप्तानाने धरला जाता जाता चेंडू मागे टाकला आणि तो दादाने घेतला. डाव्या काखेत चेंडू दाबून तो कडेकडेने सुटला. एकाला त्याने खांद्यावरून झटकला, दुसऱ्याला चकवलं. आमच्याकडून "चल, चल बाळाराम" असा एकच सूर उठला होता. शेवटच्या रेघेच्या अलीकडे मागून आलेल्या दोघांनी त्याला पायांत धरून पालथा पाडला. मी नेमका त्याच कोपऱ्याला उभा होतो. दादाने अंग पुढे खेचलं, उजवा हात लांब केला... आणि पांढऱ्या रेघेवर पंजा टेकवला. मान वर करून तो हसला. चेंडू डाव्या हातात होता, छातीखाली, रेघेच्या अलीकडे. तोच चेंडू दोन्ही हातांनी, एका हाताने, कसाही पुढे टेकवायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने रिकामा हात टेकवला.

इतर कुणाला काय दिसलं ते मला माहीत नाही, पण दहिवलीला हात दिसला. "आला! आला!" करत सगळा टेंपो मैदानात घुसला. तेवढ्यात चेंडू श्रीलंकेवाल्यांच्या हाती गेला होता आणि त्यांनी तो बाहेर मारला होता. पंचाने शेवटची शिट्टी फुंकली, ती आमच्या लोकांनी आपलीच धरली. ताशा वाजायला लागला. तात्यांनी मूठभर गुलाल दादाच्या डोक्यावर ओतला, चौघांनी त्याला खांद्यावर घेतला. दोन पावलांवर श्रीलंकेची पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि आमचे लोक त्यांच्याही कपाळाला गुलाल लावत होते. हरलेल्याशी असं चांगलंच वागायचं असतं म्हणून. खुर्च्यांवरची माणसं हसत होती. आपल्या संघाचे बाकीचे सहा जण गवतावर बसले होते. कप्तानाने एकदा वर, दादाकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. दादा वरून म्हणत होता, "खाली ठेवा रं... अरे, खाली ठेवा मला." ते ऐकून तात्या म्हणाले, "लाजतोय." आणि त्याला आणखी उंच धरला.

हरलो हे त्यांना फाटकाबाहेर आल्यावर कळलं, तेही इस्माईलभाईंनी एका पोलिसाला विचारलं म्हणून. मग तात्या म्हणाले, "हात लागला का नाय? तुमी सगल्यांनी बघितला का नाय?" सगळ्यांनीच बघितला होता. "मग पंचानं खाल्ला." तेवढ्यावर टेंपो परत निघाला आणि दहिवलीत पोहोचला तो ताशा वाजवतच. देशासाठी खेळलेला, जिंकलेला आणि पंचाने फसवलेला बाळाराम, अशी त्याची ओळख त्या दिवशी ठरली आणि आजही ती तशीच आहे.

पुढच्या रविवारी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. दादाने उशी घेतली, डाव्या काखेत धरली आणि फरशीवर पालथा झाला. "बघ," तो म्हणाला. "चेंडू हा इथं. हा हात मोकला. आता सांग, मी हा हात का लांब केला?" त्याने उजवा हात लांब केला. मग उठून पुन्हा उशी घेतली, पुन्हा पडला, पुन्हा तोच हात लांब केला. "ठरवून उशी पुढं करायची म्हणतो, तरी आधी हाच हात जातो बघ." मी त्याला उठवायला गेलो तर म्हणाला, "पंचाची काय पण चूक नाय रं दिनू. मला कळायच्या आधीच हात गेला. वाटलं, वाचलो." त्यानंतर त्याला पुन्हा संघात कुणी बोलावलं नाही. साहेब वाईट बोलले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्या सहा जणांपैकी एकालाही पुन्हा देशाकडून खेळायला मिळालं नाही, हे तो मला वारंवार सांगायचा. ते खरंच त्या एका हातामुळे झालं की काय, ते मला माहीत नाही. त्याला मात्र त्याविषयी शंका नव्हती.

काही वर्षांनी नोकरी सोडून तो दहिवलीला परत आला. तात्यांनी मुलांना शिकव म्हणून किती विनवलं, पण तो खाचरात उतरला नाही. एकदा गावाने शाळेच्या पटांगणात त्याचा सत्कार ठेवला. शाल घातल्यावर दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा तो उभा राहिला आणि सरळ सांगितलं की पंचाने फसवलेलं नाही, हात टेकवून भागत नाही, चेंडू टेकवावा लागतो, तो मी टेकवला नाही, मीच देशाला हरवलं. मग तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. बघा, केवढं मन... पंचाचा दोष पण आपल्या अंगावर घेतो, असं लोक जाताना एकमेकांना म्हणत होते. दादाने ती शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि घरी निघून गेला. त्यानंतर तो या विषयावर गावात कुणाशीही बोलला नाही. मॅचची गोष्ट कुणी काढली की उठायचा आणि गुरांकडे जायचा. लोकांना वाटायचं, त्याला अन्याय आठवतो.

काविळीने त्याला अंथरुणाला खिळवलं तेव्हा मी दर सुट्टीच्या दिवशी जात होतो. शेवटच्या भेटीत वहिनी पेज गाळत आत होत्या आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "दिनू, कोण म्हणत नाय की बाळाराम, तू चुकलास. चुकलास असं कोण म्हणतच नाय, तर मग जाऊ दे असं कोण म्हणणार?" मी म्हटलं, "दादा, मी म्हणतो. तू चुकलास. आणि जाऊ दे." तो हसला. "तुझं नाय रं चालत. तू माझ्या खोलीत राहिलायस. तात्यांनी म्हणायला पायजे. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटत नाय. तू शिकलेला हायस, तुझं ऐकतील. मी गेल्यावर सांग एकदा. माझी चूक माझ्या नावावर राहू दे." मी सांगीन म्हटलं. आत्ताच तात्यांना बोलावू का, असंही विचारलं. "नको," तो म्हणाला. "मी जिवंत हाय तोवर ते परत टाळ्याच वाजवतील."

तेराव्यानंतर देवळापुढे शोकसभा झाली. बोलणारा प्रत्येक जण त्या हातावर आणि त्या पंचावर बोलला. माझी पाळी आली तेव्हा मी देवापुढचा न सोललेला नारळ मागून घेतला, डाव्या काखेत धरला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पालथा पडलो. हे असं झालं, आणि व्हायला पाहिजे होतं ते असं, म्हणून नारळ पुढे टेकवून दाखवला. दादाने मरताना काय सांगितलं तेही सांगितलं. मी उठून कपडे झटकले तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. नामातात्यांना आता नीट दिसत नाही. ते काठीवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "दिनू, तू त्याचं अन्न खाल्लंस. मेलेल्या मानसाच्या नावावर हार लावतोस?" मी म्हटलं, "तात्या, त्यानंच सांगितलंय." "आजारात मानूस काय पण बोलतो." मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी शिकवलं त्याला. तो हात लागला, मी माझ्या डोल्यांनी बघितला. तो हात चुकला म्हणतोस, मग मी काय शिकवलं रं पोरांना?" मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी दादाची चूक त्याच्या नावावर लावायला आलो होतो आणि ती मानली तर या म्हाताऱ्याकडे दुसरं काहीच उरत नव्हतं. इस्माईलभाई मला बाजूला घेऊन गेले. "मला माहीत हाय," ते हळूच म्हणाले. "पोलिसानं मला तवाच समजावून सांगितलं होतं. टेंपोत तात्यांचं तोंड बघितलं आनि नाय बोललो."

म्हणून हे इथे लिहिलं. दहिवलीत हा अंक किती जण वाचतील आणि वाचून किती जण मला शिव्या देतील, याचा मला अंदाज आहे. त्या दिवशीचे पंच कुठे असतील तर त्यांना आणि संघातल्या त्या सहा जणांना मात्र हे कळावं, एवढं माझ्या हातात आहे. दादाला जे हवं होतं ते यातून त्याला मिळालं, असं मी म्हणणार नाही. ते आता कुणालाच देता येणार नाही...

गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. चैत्रात गावचं मंडळ दादाच्या नावाने कबड्डीचे सामने भरवणार आहे. त्यासाठी कर्जतच्या पेंटरकडून मोठा फलक रंगवून आणलाय आणि मंडळाला जागा नाही म्हणून तो दादाच्याच खोलीत, त्याची खाट होती त्या भिंतीला टेकवून ठेवलाय. चित्र चांगलं काढलंय. दादा पालथा पडलेला, मागे दोघं पाय धरून, उजवा हात लांब, पंजा पांढऱ्या रेघेवर. चेहऱ्यावर हसू. डावा हात अंगाखाली गेलेला. चेंडू कुठेच नाही. मी खूप वेळ शोधत राहिलो. "कबड्डीत चेंडू नसतो म्हणाला पेंटर," वहिनी म्हणाल्या. "भावजी, मी रोज हे भिंतीकडं तोंड करून ठेवते. तात्या रोज येतात आनि सरळ करतात." त्या दिवशीही फलक भिंतीकडे वळवलेलाच होता. मला दाखवायचा म्हणून त्यांनी तो फिरवला होता आणि आता पुन्हा वळवू लागल्या होत्या. तेवढ्यात ओट्यावर काठी वाजली. तात्या चाचपडत आत आले, कोण बसलंय हे त्यांनी विचारलं नाही. फलकाच्या कडा हाताने पाहून त्यांनी तो खोलीकडे तोंड करून उभा केला. मग रंगावरून बोटं फिरवत फिरवत तो लांब केलेला हात शोधला, त्याला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. वहिनी पदर सावरत आत निघून गेल्या. मी दारात चपला घातल्या, पण उंबऱ्यातच थांबलो... तात्या त्या चित्राशी काहीतरी बोलत होते.